वहिनींचे डबे आणि तीस हजार फेरे

घरातलं एखादं जुनं पातेलं उलटं करून बघा. काठाखाली ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कुणाचं तरी नाव असतं, एखादी तारीख असते, 'मामाकडून' असतं. भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसलेला पोरगा मान वर न करता, पेनासारख्या मशीनने हे नाव घालत असतो. यंदा संक्रांतीच्या आधी आमच्या वहिनींनी वाणासाठी कासारी बाजारातून स्टीलचे चाळीस छोटे डबे आणले आणि प्रत्येकीचं नाव आपणच घालायचं ठरवलं. "भाऊजी, तुमचं ते दातांच्या डॉक्टरवालं मशीन द्या की दोन दिवस." मी दिलं. अर्ध्या तासात वहिनी परत दारात. पहिल्या डब्यावर 'स्मिता' होतं, पण पहिली वेलांटी घसरत घसरत पार बुडापर्यंत गेली होती.

चूक माझी होती. दुकानातलं मशीन फिरत नाही, थरथरतं. त्याच्या पोटात विद्युतचुंबक असतो. आपल्याकडची ५० हर्ट्झची वीज त्याला सेकंदाला शंभर हिसके देते, म्हणजे मिनिटाला सहा हजार टोले. प्रत्येक टोल्याला टोक पत्र्यात एक ठिपका पाडतं, म्हणून ती अक्षरं ठिपक्यांची दिसतात. त्याला एन्ग्रेव्हर म्हणतात. माझं मशीन रोटरी टूल, गोल फिरणारं. वेगाने फिरणारं टोक गुळगुळीत, वळणदार स्टीलवर टेकवलं की ते चाकासारखं पळायला बघतं. त्याने नाव घालता येत नाही असं नाही. हात बसावा लागतो, आणि चाळीस डब्यांची घाई असताना हात बसत नसतो.

माझी नोकरी इथल्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. त्यामुळे सिडकोतल्या आमच्या गल्लीत कुणालाही अवजार घ्यायचं झालं की आधी माझ्याकडे विचारणा होते. "रोटरी टूल कुठल्या कंपनीचं घेऊ?" असं विचारलं की मी उलट विचारतो, "काय करायचंय त्याने?" निम्मी माणसं इथेच अडखळतात. बऱ्याच जणांना खरं तर ड्रिल हवं असतं, काहींना ग्राइंडर, आणि वहिनींसारख्यांना एन्ग्रेव्हर, जो रोटरी टूलच्या मानाने बराच स्वस्त पडतो.

तेव्हा हे मशीन काय करतं ते आधी पाहू. मुठीत मावणारी मोटर, पुढे तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची दांडी पकडणारा छोटा जबडा म्हणजे कॉलेट, आणि वेग मात्र अफाट. छताचा पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. मिक्सर रिकामा फिरवला तर अठरा-वीस हजारांपर्यंत जातो. रोटरी टूल तीस-पस्तीस हजारांपर्यंत जातं. 'ड्रेमेल' हे नाव आपल्याकडे डालडासारखं झालंय, कुठल्याही कंपनीच्या मशीनला लोक ड्रेमेलच म्हणतात. अल्बर्ट ड्रेमेल या गृहस्थाने १९३२ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी ही कंपनी काढली. १९९३ पासून ती बॉशकडे आहे.

एवढा वेग लागतो कशाला, याचा एक हिशेब करून दाखवतो, कारण तो कळला की निम्मी खरेदी आपोआप बरोबर होते. कापणारं टोक जेवढं लहान, तेवढी त्याची कड एका फेऱ्यात कमी अंतर जाते. तीन मिलिमीटरचा बर, म्हणजे कोरायचं दातेरी टोक, तीस हजारांवर फिरवला तरी त्याची कड सेकंदाला पावणेपाच मीटरच पळते, म्हणजे सायकलच्या वेगाने. त्याच तीस हजारांवर ३८ मिलिमीटरची कटिंग चकती लावली, तर तिची कड सेकंदाला जवळपास साठ मीटर पळते, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. वेल्डिंगवाल्याकडचा चार इंची ग्राइंडर अकरा हजार फेऱ्यांवर चालतो, त्याच्या कडेचा वेगही जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे हातातलं खेळण्यासारखं दिसणारं हे मशीन चकती लावल्यावर ग्राइंडरइतकंच गंभीर होतं. फक्त जोर नसतो. ग्राइंडर सहा-सातशे वॉटचा, हे दीडशेचं.

जोर नाही, म्हणून हे मशीन काय करणार नाही ते आधी ऐका. भिंतीत खिळ्यासाठी भोक पाडणार नाही. त्याला ठोका देणारं हॅमर ड्रिल हवं. खिडकीचं ग्रील कापणार नाही, म्हणजे कापेल, पण तुमच्या चार चकत्या आणि एक रविवार खाऊन. शहाबादी फरशी आरपार कापणार नाही: ३८ मिलिमीटरच्या चकतीचा मधला भाग स्क्रूने व्यापलेला असतो, आत जाते ती जेमतेम दहा-बारा मिलिमीटर. टेबलाची फळी रंधून देणार नाही. अडचणीच्या जागी, थोडंसं, नेमकं कापणं, घासणं, कोरणं, चकचकीत करणं, एवढंच याचं काम.

अशी कामं आपल्या शहरात मात्र भरपूर निघतात, आणि त्यातली निम्मी पाण्यापायी. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे दारात हौद, हौदावर मोटर आणि गच्चीवर टाकी हे घरोघरी आहेच. गच्चीवरच्या टाकीच्या बॉल व्हॉल्व्हचा नट गंजून बसला, पान्याने गोल झाला, आणि भोवती हात फिरवायलाही जागा नाही, तिथे रोटरी टूल स्वतःची किंमत एका दुपारी वसूल करतं. नटावर चकतीने एक खाच पाडायची आणि पेचकस घालून फोडायचा. गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर नवी खाच पाडायची. दरवाजाच्या चौकटीत कुलपाची पट्टी दोन मिलिमीटर आत सरकवायची. टाइलला नळाच्या पाइपपुरतं गोल भोक मोठं करायचं. कूकरच्या सुट्या हँडलच्या भोकाची धारदार कड घासायची. घरगुती 'प्रोजेक्ट' म्हणतात ती बहुतेक अशीच असतात. व्हिडिओंमध्ये अक्रोडाच्या लाकडावर ड्रॅगन कोरतात, तो भाग वेगळा.

खरेदीच्या आधी माझी एक सूचना आहे, फुकटची. याच शहरात या मशीनची तीन सख्खी भावंडं रोज कामाला लागलेली असतात. ती बघून या.

पहिलं सराफ्यात. सोनाराच्या डोक्यावर हुकाला टांगलेली मोटर, तिच्यातून खाली येणारी लवचिक शाफ्ट, हातात बोटाएवढं हँडपीस आणि पायाखाली पॅडल. वेग अठरा-वीस हजारांच्या आतबाहेर, पण हातात मोटरचं वजनच नाही, आणि वेग पायाने कमी-जास्त होतो, दोन्ही हात कामावर. या मशीनच्या काही हँडपीसना ड्रिलसारखा चावीचा चक असतो, त्यात शून्यापासून चार मिलिमीटरपर्यंत कुठलीही दांडी बसते. दागिने, मूर्तींची साफसफाई, लाकडावर बारीक कोरीवकाम असं एका जागी बसून तासन् तास करायचं असेल, तर हातातल्या रोटरी टूलपेक्षा ही टांगती मोटर कितीतरी बरी. रोटरी टूलला जोडायची लवचिक शाफ्ट वेगळीही मिळते. ती घेतलीत तर मशीन उंच टांगा आणि शाफ्टला वीतभरापेक्षा लहान वळण देऊ नका, नाहीतर आतली तार तापते आणि तुटते.

दुसरं भावंड दातांच्या लॅबमध्ये. वहिनी म्हणाल्या ते अगदीच चुकीचं नव्हतं. कवळ्या घासायला तिथे मायक्रोमोटर वापरतात: टेबलावर कंट्रोलचा डबा, त्यातून वायर, आणि हातात जाड पेनाएवढं हँडपीस. पस्तीस हजारांपर्यंत वेग, थरथर जवळजवळ नाही. बारीक कामाला याच्यासारखं दुसरं नाही. अडचण एकच: त्याचा जबडा २.३५ मिलिमीटरच्या दांडीसाठी बनवलेला असतो. बाजारातल्या रोटरी टूलच्या ३.२ मिलिमीटरच्या दांड्या त्यात जात नाहीत. हे माहीत नसताना मायक्रोमोटर आणि शंभर नगांचा सेट दोन्ही घेऊन बसलेला एक माणूस मला ठाऊक आहे. नाव विचारू नका, आरशात दिसतो.

याच गोष्टीची उलटी बाजू मात्र फायद्याची आहे. रोटरी टूलसोबत २.४ मिलिमीटरचा कॉलेट मिळतो, किंवा सुटा घेता येतो. त्यात दातांच्या लॅबचे २.३५चे बर नीट बसतात. अ‍ॅक्रिलिक घासायचे त्यांचे टंग्स्टन कार्बाइडचे कटर लाकडावर आणि प्लास्टिकवर लोण्यासारखे चालतात, आणि सेटमधल्या चमकदार कटरपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, खासगी आहे, त्यामुळे दातांचं सामान विकणारी दुकानंही आहेत. तिथे जाऊन 'लॅबचा कार्बाइड बर, स्ट्रेट हँडपीसचा' असं मागायचं. नवाच घ्यायचा. ओळखीच्या डॉक्टरांकडचे वापरलेले नकोत, ते कुणाच्या तोंडात गेलेत याचा विचार करा.

तिसरं भावंड आमच्या टूलरूममधलं, हवेवर चालणारा पेन्सिल ग्राइंडर. साच्याच्या कोपऱ्यात, जिथे करंगळी जात नाही तिथे, हातात धरून पॉलिश करायला. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, जिथे साचे बनतात तिथे हा असतोच. चिकलठाण्याच्या इंडो जर्मन टूलरूममध्ये शिकून गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा. घरी मात्र याचा उपयोग शून्य, कारण मागे कॉम्प्रेसर लागतो. पण त्या कारागिराचा हात बघण्यासारखा असतो. तो दाबत नाही. बर धातूवरून नुसता फिरवतो, पुन्हा उचलतो, पुन्हा फिरवतो. आमचे उस्ताद म्हणायचे, मोटरचा आवाज उतरला की समजायचं, तू दाबतोयस. घरच्या मशीनला हा नियम दुप्पट लागू. आवाज बसला की हात हलका करा, वेग आपोआप काम करतो.

आता प्रत्यक्ष मशीन.

खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. १३० ते १७५ वॉट घरकामाला पुरतात. ड्रेमेलचं ३००० हे मॉडेल १३० वॉटचं आहे, ४००० हे १७५ वॉटचं, आणि या दोघांत घरातली सगळी कामं येतात. स्वस्त सेटवर कधी दोनशे-अडीचशे वॉट छापलेले दिसतात, त्याने हुरळून जाऊ नका. मोठ्या वेगापेक्षा मी लहान वेगाकडे बघतो. सर्वांत कमी वेग किती? दहा हजारांपासून सुरू होणारं मशीन लाकूड-लोखंडाला चालेल. प्लास्टिक कापायचं असेल, पितळेची समई पॉलिश करायची असेल, तर पाच हजारांपर्यंत खाली येणारं हवं. पीव्हीसी पाइप दहा हजारांवर कापताना कापला जात नाही, वितळतो, आणि कापल्या जागी मागून पुन्हा चिकटतो. शिवाय तारेच्या ब्रशवर साधारण पंधरा हजार फेऱ्यांची मर्यादा असते. त्याच्या वर नेला की तारा सुटून सुईसारख्या उडतात.

वेग कमी-जास्त करायची चकती नुसती असणं आणि दाब आल्यावरही वेग टिकवणारं इलेक्ट्रॉनिक्स आत असणं, यात फरक आहे. दुसरं असेल तर चार पैसे जास्त गेले तरी चालतील. कमी वेगावर जोर टिकतो तो त्यामुळेच.

बॅटरीचं घ्यावं का? हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट, २ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २४ वॉट-तास. कामात मशीनने सरासरी ६० वॉट ओढले तर ती चोवीस मिनिटं चालणार. ३.६ व्होल्टची, मोबाइलच्या वायरने चार्ज होणारी जी छोटी मशीनं असतात, त्यांची गोष्ट सात वॉट-तासांवर संपते. नखं, खोडरबरचे शिक्के, लहान पॉलिश, याला ती छान. गच्चीवर टाकीजवळ प्लग नाही म्हणून बॅटरीचं घेणार असाल तर १२ व्होल्टचं घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये ते गच्चीवर किंवा स्कूटरच्या डिकीत विसरू नका. लिथियमची बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली तेवढं सहज होतं. एकच मशीन घ्यायचं असेल तर माझं मत वायरवाल्याला. वीज गेली तर चहा प्यायचा.

दुकानात हातात घेऊन बघायला मिळालं तर चार गोष्टी तपासा. कॉलेटमध्ये एक मिलिमीटरचं बारीक ड्रिल बसवा, हाताने हळूहळू फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक एका जागी राहिलं पाहिजे. ते छोटं वर्तुळ काढत असेल तर ते मशीन वाकडं फिरतंय, त्याच्यावर पुढे कुठलंही बारीक काम होणार नाही. मग चालू करून काउंटरवर ठेवा, शेजारी दुकानदाराचा चहाचा ग्लास असतोच. चहावर बारीक लहरी उमटणं ठीक आहे, ग्लास सरकायला लागला तर मशीन परत खोक्यात. पाच मिनिटं चालू ठेवून पुढच्या भागाला हात लावा. कोमट चालेल, चटका नको. चौथी गोष्ट प्लग. बाहेरून आलेल्या स्वस्त सेटना परदेशी पिना असतात, त्या आपल्या बोर्डात हलतात आणि ठिणग्या पाडतात. प्लग बदलून घ्या.

आणि दुकानदाराला विचारा: कार्बन मिळतील का? मोटरचे कार्बन ब्रश चाळीस-पन्नास तासांच्या वापरानंतर काढून बघायचे असतात, तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरले की बदलायचे. कार्बन, कॉलेट आणि कॉलेटचा नट, हे तीन सुटे भाग ज्याचे शहरात मिळतात ते मशीन घ्या, मग कंपनी कुठलीही असो. ऑनलाइन दोन हजारांत मिळालेलं मशीन दीडशे रुपयांच्या कार्बनअभावी माळ्यावर जातं, असं मी एकदा नाही, बरेचदा बघितलंय.

खरा खर्च टोकांचा. मी पहिला सेट घेतला तो २१६ नगांचा होता. खोकं उघडलं की दिवाळीच्या फराळाचं ताट उघडल्यासारखं वाटलं. त्यातले अकरा नग मी आजवर वापरले. बाकीच्यांत एकाच मापाचे वाळूकागदाचे साठ ड्रम, लावताक्षणी फुटणाऱ्या तपकिरी चकत्या आणि कशाला म्हणून असतात ते अजून न कळलेले फेल्टचे गोळे. म्हणून सांगतो, मशीन सेटशिवाय मिळत असेल तर तसंच घ्या आणि टोकं कामापुरती, सुटी, चांगली घ्या.

कुठल्या पदार्थाला कुठलं टोक, हे एकदा डोक्यात बसलं की पैसे वाचतात. लोखंड आणि स्टील कापायला फायबरची जाळी असलेली चकती. जाळी नसलेली पातळ चकती नवशिक्याने हातात धरूच नये. स्टील घासायला गुलाबी किंवा तपकिरी दगड, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. हिरवा दगड सिलिकॉन कार्बाइडचा, तो काच, टाइल, पितळ-तांब्यासाठी. अ‍ॅल्युमिनियमला दगड लावूच नका, ते दगडाच्या छिद्रांत भरून बसतं आणि दगड गुळगुळीत होतो. त्याला कार्बाइडचा बर, आणि बराला अधूनमधून मेणबत्ती घासायची. हिऱ्याचं टोक सगळ्यात कठीण म्हणून सगळ्याला लावावंसं वाटतं, पण लोखंडावर ते लवकर मरतं: हिरा म्हणजे कार्बन, आणि तापलेलं लोखंड कार्बन शोषून घेतं. हिरा दगडासाठी, काचेसाठी, टाइलसाठी ठेवा. हलक्या हाताने स्टीलवर नाव घालायला चालतो, तेवढंच.

दगडावरून आठवलं. वेरूळ-अजिंठ्याला गेलात की हातात गारगोटीचे खडे घेऊन विक्रेते मागे लागतात. आपल्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत हे स्फटिक तयार होतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने बघायला मिळतात. असा एखादा खडा घरी अर्धा कापून आतला चमचमाट बाहेर काढावा असं पोरांना वाटतं. खडा क्वार्ट्झचा असेल तर त्याची कठीणता सात, हिऱ्याच्या चकतीने हळूहळू कापला जातो. पांढरट-गुलाबी, पानासारखे थर असलेला झिओलाइट असेल तर तो साडेतीन-चारच्या आसपासचा, कापताना भुगा होतो, त्याला हात लावू नका. कापताना दगडावर पाणी ठिबकत ठेवावं लागतं, नाहीतर चकती जळते आणि धूळ उडते. पाणी आणि वायरवालं मशीन एकत्र आलं की मी घाबरतो. मशीन लांब टांगून लवचिक शाफ्टने काम करा, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवलेला नसेल तर हा उद्योग करू नका. तसं म्हटलं तर तो सगळ्यांच्याच घरात हवा.

धुळीचं बोलतोच आहे तर: टाइल, ग्रॅनाइट, कोटा यांची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. कापडी रुमाल तिला अडवत नाही, एन-९५ मास्क हवा. जुन्या वाड्याच्या दारावरचा अनेक थरांचा तैलरंग घासू नका, जुन्या रंगात शिसं असतं. तो रसायनाने उतरवा. सिमेंटचा जुना पत्रा तर अजिबात कापू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो.

आणि डोळे. एका शनिवारी संध्याकाळी मी टाकीच्या क्लॅम्पचा बोल्ट कापत होतो. शेवटचा अर्धा मिलिमीटर उरला होता. मी घाईने मशीन थोडं तिरकं केलं, चकती खाचेत अडकली आणि फुटली. आवाज टाळी वाजवल्याएवढा. गॉगल काढला तेव्हा उजव्या काचेवर, बरोबर बाहुलीसमोर, चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. तो गॉगल मी टाकला नाही, गॅरेजच्या दारावर खिळ्याला टांगून ठेवलाय. मशीन मागायला येणाऱ्याला आधी तो दाखवतो. नेहमीचा नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने तुकडे आत येतात. आयएस ५९८३ छापलेला, बाजू बंद असलेला गॉगल घ्या. चकती नेहमी सरळ रेषेत चालवा, खाचेत असताना वळवू नका, आणि स्वतः चकतीच्या रेषेत उभे राहू नका. ओढणी, पदर, सैल बाही, मोकळे केस, सैल हातमोजे यांतलं काहीही जवळ नको. फिरत्या मशीनचं लॉकचं बटण दाबायचं नाही, दाबलं तर शाफ्ट मोडते. वस्तू हातात धरून कापू नका. साधा टेबलाला लावायचा छोटा व्हाइस मशीनसोबतच घ्या, सेटमधल्या दोनशे नगांपेक्षा तो जास्त वापरला जातो.

वहिनींच्या डब्यांचं काय झालं, ते राहिलंच. त्यांनी एन्ग्रेव्हर आणायचं ठरवलं, पण संक्रांत चार दिवसांवर होती, म्हणून आम्ही रोटरी टूलनेच निभावलं. बिदरी काम करणारे कारागीर नक्षी कोरण्याआधी भांड्याला मोरचूद लावून ते काळं करतात, म्हणजे टोकाने ओढलेली रेघ उजळ दिसते. आम्ही मोरचुदाऐवजी काळ्या मार्करने डब्यावर एक पट्टा रंगवला, त्यावर खिळ्याच्या टोकाने नाव हलकं ओरबाडून घेतलं. मग हिऱ्याचं गोल डोक्याचं टोक, वेग दहा-बारा हजार, मशीन मुठीत न धरता पेन्सिलसारखं, करंगळी डब्यावर टेकलेली, आणि डबा वाळूच्या पिशवीवर, म्हणजे तो डुगडुगत नाही. रेघ एका दमात ओढायची नाही, तीनचार वेळा हलक्या हाताने गिरवायची. शिरोरेघ सर्वांत शेवटी. मार्कर स्पिरिटने पुसला की नाव पांढरं, अखंड रेघेचं, दुकानातल्यापेक्षा सुबक दिसत होतं. दहाव्या डब्यापासून वहिनींनी मशीन माझ्या हातातून काढून घेतलं. ते अजून त्यांच्याकडेच आहे. परवा कॉलेट कुठे ठेवायचे म्हणून विचारायला आल्या होत्या, हरवले तर मशीनचा उपयोग नाही हे त्यांना मी सांगून ठेवलं होतं. मी नातवाची जुनी कंपासपेटी काढून दिली. कॉलेट, कार्बनची एक जादा जोडी आणि छोटा पाना, तिन्ही तिच्यात मावतात.